पुसता येणारा लेख : इंटेलेक विकास-संच आणि ईप्रॉम-लेखनाचा इतिहास

१

मायक्रोप्रोसेसरचा इतिहास सांगावयाचा म्हणजे प्रोसेसरांची वंशावळ सांगावयाची, असा एक संकेत रूढ झाला आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा चार बिटांचा प्रोसेसर जाहीर केला. १९७२ मध्ये ८००८, १९७४ मध्ये ८०८० व १९७६ मध्ये ८०८५ असे त्याचे उत्तराधिकारी झाले. टेड हॉफ, फेडेरिको फॅजिन, स्टॅन्ली मेझर आणि जपानी अभियंते मासातोशी शिमा ही नावे या वंशावळीच्या आरंभी येतात. ही हकीकत खरीच आहे. परंतु राजवंशांच्या याद्या म्हणजे इतिहास नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले आहे. तंत्रविद्येच्या इतिहासातही ते ओळखले जाणे अवश्य आहे.

प्रोसेसर स्वतः काहीच जाणत नाही. त्याला कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञा वाचावयास मिळाव्या लागतात, आणि वीज गेली तरी त्या नष्ट होऊन चालत नाहीत. वजनकाटा, वाहतूक-नियंत्रक दिवे किंवा कारखान्यातील यंत्र चालविणाऱ्या प्रोसेसरजवळ आज्ञावली कायम वस्तीला असावी लागते. ती कोठे लिहावयाची, कशी लिहावयाची, आणि चुकली तर काय करावयाचे, हे प्रश्न प्रोसेसरच्या जन्माबरोबरच उपस्थित झाले. त्यांचे उत्तर ज्या दोन वस्तूंनी दिले, त्या म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती-चिप, जिला ईप्रॉम म्हणतात, आणि तिच्यावर लिहिण्याची सोय असणारा विकास-संच. प्रस्तुत निबंधात इंटेलच्या ‘इंटेलेक’ या विकास-संचांच्या आधारे या लेखनव्यवहाराचा विचार करावयाचा आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की चूक स्वस्त करणे हे या साधनांचे खरे कार्य होते. आणि ज्या गुणामुळे ते साधले त्याच गुणामुळे या कालखंडाचे अस्सल पुरावे आज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत.

२

ईप्रॉमपूर्वी कायम स्वरूपाची आज्ञावली लिहिण्याचे जे मार्ग होते, त्या सर्वांत एक दोष समान होता : एकदा लिहिलेले बदलता येत नसे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अपोलो चांद्रयानाच्या मार्गदर्शक संगणकाचे आहे. त्याची ३६,८६४ शब्दांची स्थिरस्मृती अक्षरशः विणलेली होती. चुंबकीय कड्यांमधून तांब्याची तार ओवली म्हणजे एक, आणि कड्याबाहेरून नेली म्हणजे शून्य, अशी तिची लिपी होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थॅम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया हे विणकाम करीत. अर्थातच उड्डाणाच्या पुष्कळ आधी आज्ञावली अंतिम ठरवावी लागे. कारण एक चूक दुरुस्त करणे म्हणजे विणलेले उसवणे होते.

अर्धवाहकांच्या युगात या विणकामाची जागा ‘मास्क-रॉम’ने घेतली. हिच्यात आज्ञावली चिपच्या घडणीतच, छायामुद्रणाच्या साच्याने, उतरविली जाते. ४००४ च्या परिवारातील ४००१ ही चिप याच जातीची होती. तीत प्रत्येकी आठ बिटांचे २५६ शब्द मावत. हजारो प्रती काढावयाच्या असतील तर ही पद्धत स्वस्त पडते. परंतु साचा तयार करण्याचा खर्च आरंभीच द्यावा लागतो, चिप हाती येण्यास आठवडे लागतात, आणि आज्ञावलीत एक जरी बिट चुकला तरी सगळी खेप निरुपयोगी होते. दुसरा मार्ग ‘प्रॉम’चा. अमेरिकन बॉश आर्मा कंपनीतील वेन त्सिंग चाऊ यांनी १९५६ मध्ये अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी या कल्पनेचा पाया घातला. हिच्यात सूक्ष्म तारा विजेच्या झोताने वितळवून आज्ञा लिहिल्या जातात. येथे कारखान्यावर अवलंबून राहावे लागत नाही. पण वितळलेली तार पुन्हा सांधता येत नाही. प्रत्येक चुकीची किंमत एक चिप.

या दोन्ही पद्धतींत लिहिणाऱ्याने आधी पूर्ण विचार करावा, मगच लिहावे, अशी अपेक्षा गृहीत होती. शिलालेख कोरणाऱ्याची शिस्त तीच. परंतु आज्ञावलीचे लेखन हे शिलालेखासारखे नसून कच्च्या खर्ड्यासारखे आहे. ती चालवून पाहिल्याखेरीज तिच्यातील दोष दिसत नाहीत. साधन आणि कार्य यांच्यातील ही विसंगती १९७१ मध्ये दूर झाली.

३

त्या वर्षी इंटेलमधील डोव फ्रोमान यांनी १७०२ ही २०४८ बिटांची चिप सिद्ध केली. तिचे तत्त्व असे : ट्रान्झिस्टरच्या रचनेत सिलिकॉनची एक सूक्ष्म पट्टी चारही बाजूंनी सिलिकॉन डाय-ऑक्साइडच्या निरोधक थरात बंदिस्त केलेली असते. तिला बाहेरून कोणतीही तार जोडलेली नसते. म्हणून तिला ‘तरंगते द्वार’ म्हणतात. पुरेसा व्होल्टदाब दिला असता इलेक्ट्रॉन निरोधक थर ओलांडून या द्वारात शिरतात, आणि दाब काढून घेतल्यावर तेथेच कोंडले जातात. द्वारात भार आहे की नाही, यावरून ट्रान्झिस्टर शून्य सांगतो की एक, हे ठरते. तरंगत्या द्वाराची मूळ कल्पना बेल प्रयोगशाळेतील दावन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली होती. तिचे विश्वसनीय, विक्रीयोग्य वस्तूत रूपांतर करण्याचे श्रेय फ्रोमान यांचे. दोषयुक्त चिपांचे परीक्षण करीत असता, तुटलेल्या जोडणीमुळे अधांतरी राहिलेल्या द्वारांकडे त्यांचे लक्ष गेले, आणि तो दोषच उपयोगी पडेल हे त्यांच्या ध्यानात आले.

पुसण्याची युक्ती याहून सुंदर आहे. चिपवर क्वार्ट्झची पारदर्शक खिडकी बसविलेली असते. तीतून २५३७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे अतिनील किरण आत सोडले म्हणजे कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना निरोधक थराचा उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळते व ते निघून जातात. पुढे आलेल्या २७१६ या चिपच्या माहितीपत्रकात, दर चौरस सेंटिमीटरला १२,००० मायक्रोवॅट तीव्रतेच्या दिव्याखाली, त्याच्या नळीपासून एक इंचाच्या आत, १५ ते २० मिनिटे चिप ठेवावी, असे सांगितले आहे. तेवढ्या अवधीत पाटी कोरी होते. चहा घेऊन परत यावे आणि पुन्हा लिहावयास बसावे, इतकाच चुकीचा दंड उरला.

४

परंतु पाटी आणि लेखणी वेगवेगळ्या असतात. ईप्रॉमवर लिहिण्यास नेमक्या दाबाचे, नेमक्या अवधीचे विजेचे स्पंद लागतात, आणि शेकडो शब्दांसाठी ते हाताने देणे अशक्य आहे. येथे इंटेलने जो उपाय योजला तो इतिहासदृष्ट्या लक्षणीय होय : त्यांनी प्रोसेसरलाच लेखनिक केले. १९७२ मध्ये निघालेले सिम४-०१ व सिम८-०१ हे प्रायोगिक फलक एमपी७ मालिकेतील लेखनफलकास जोडले, आणि बाजूला टेलिटाइप यंत्र ठेवले, की ४००४ किंवा ८००८ हा प्रोसेसर कागदी फितीवरील आज्ञावली वाचून ती ईप्रॉममध्ये उतरवू शके. ज्या प्रोसेसरासाठी आज्ञावली लिहावयाची, तोच ती लिहून देई.

१९७३ मध्ये याच घटकांना पेटी, विद्युत्पुरवठा आणि दर्शनी फलक देऊन इंटेलेक ४ आणि इंटेलेक ८ हे संच बाजारात आले. इंटेलेक ८ च्या दर्शनी फलकावर, दिव्यांच्या व खटक्यांच्या रांगांजवळ, ईप्रॉम बसविण्याची खाच होती. हे संच गृहोपयोगी संगणक म्हणून विकले गेले नाहीत, तरी सर्व अर्थांनी ते संगणकच होते. इंटेलचे सल्लागार असलेले गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये पीएल/एम ही आज्ञाभाषा तयार केली, आणि पुढे इंटेलेक ८ ला फ्लॉपी-चालक जोडून १९७४ मध्ये सीपी/एम ही कार्यप्रणाली चालवून दाखविली. घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीवर जिने राज्य केले ती प्रणाली चिप-लेखनाच्या यंत्रावर जन्मास आली, ही गोष्ट वंशावळीच्या इतिहासात बहुधा सुटून जाते.

१९७५ मध्ये आलेला इंटेलेक एमडीएस हा या परंपरेचा परिणत आविष्कार होय. आठ इंची फ्लॉपी आणि आयसिस नावाची कार्यप्रणाली यांच्या साहाय्याने त्यावर कामाचा एक पूर्ण क्रम बसविता येई. प्रथम संपादकाच्या साहाय्याने मूळ संहिता लिहावयाची, एएसएम८० ने तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे, ‘लिंक’ आणि ‘लोकेट’ यांनी तुकडे सांधून त्यांना पत्ते द्यावयाचे, ‘ऑब्जहेक्स’ने त्याची षोडशमान अक्षरांतील प्रत काढावयाची, आणि शेवटी ‘युनिव्हर्सल प्रॉम प्रोग्रॅमर’ या जोडयंत्राकडे ती सोपवावयाची. या जोडयंत्रात ४०४० हा प्रोसेसर बसविलेला होता, आणि प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळे पत्रक-फलक घालावे लागे; कारण चिपागणिक दाब आणि स्पंद भिन्न होते. २७१६ चेच पाहू. तीत २०४८ बाइट मावतात. २५ व्होल्ट दाब ठेवून प्रत्येक बाइटासाठी ५० मिलिसेकंदांचा एक स्पंद द्यावयाचा. म्हणजे संपूर्ण चिप लिहिण्यास सुमारे १०२ सेकंद लागत. लिहून झाल्यावर चिप वाचून मूळ प्रतीशी ताडून पाहिली जाई.

षोडशमान प्रतीची रचनाही अभ्यसनीय आहे. प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते. पुढे बाइटांची संख्या, पत्ता, ओळीचा प्रकार व मजकूर येतो, आणि अखेरीस एक ताळ्याचा आकडा असतो. हा आकडा असा निवडलेला असतो, की ओळीतील सर्व बाइटांची बेरीज केली असता तिचे शेवटचे दोन षोडशमान अंक शून्य यावेत. फितीवर एक छिद्र चुकले तर ताळा जमत नाही. दर सेकंदास दहा अक्षरे वाचणाऱ्या टेलिटाइपवरून २०४८ बाइटांची अशी प्रत, ओळीस १६ बाइट धरून, आत घेण्यास साडेनऊ मिनिटांहून अधिक वेळ लागे. लिहिण्यास पावणेदोन मिनिटे आणि वाचण्यास साडेनऊ, हे प्रमाण पाहिले म्हणजे फ्लॉपी हे त्या काळी केवळ सुखसाधन का नव्हते, ते कळते.

५

या लेखनाचे एक व्याकरण होते, आणि ते साधनाच्या स्वभावातून आलेले होते. पुसलेल्या २७१६ मध्ये सर्व बिट एक असतात. लिहिणे म्हणजे निवडक बिटांचे शून्य करणे. एकाचे शून्य केव्हाही करता येते. शून्याचे एक मात्र सबंध चिप अतिनील दिव्याखाली ठेवल्याविना होत नाही. एकच अक्षर खोडून सुधारण्याची सोय नव्हती.

तरीही त्यातून पळवाट होती. ८०८० या प्रोसेसरच्या भाषेत आठही बिट शून्य असलेल्या बाइटाचा अर्थ ‘काही करू नये, पुढे जावे’ असा आहे. तेव्हा एखादी आज्ञा काढून टाकावयाची असल्यास तिच्या जागी पुन्हा लिहून सर्व शून्ये केली, की न पुसताच ती रद्द होई. पोथी लिहिणारे लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासत, त्याचेच हे विजेच्या माध्यमातील रूप. फरक इतकाच, की हरताळ वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिहिता येई. येथे शून्यावर काहीच लिहिता येत नाही. याउलट कोऱ्या बाइटाला, म्हणजे आठही बिट एक असलेल्याला, ८०८० च्या भाषेत अर्थ आहे. तो वाचताच प्रोसेसर परतीचा पत्ता नोंदवून षोडशमान ३८ या ठराविक पत्त्यावर उडी घेतो. तेथेही कोरेच असेल तर तो पुन्हापुन्हा तेच करीत राहतो, आणि नोंदविलेल्या परतीच्या पत्त्यांनी वाचन-लेखन स्मृती भरून टाकतो. चिप खाचेत नीट बसली नाही, किंवा चुकून कोरीच बसविली, तर यंत्र असे भरकटत असे.

या व्याकरणाचा परिणाम लिहिणाऱ्यांच्या मनोवृत्तीवर झाल्याविना राहिला नाही. आज्ञावली चालवून पाहावी, चुकते तेथे दुरुस्त करावी, पुन्हा लिहावी, असा क्रम प्रतिष्ठित झाला. ईप्रॉम ही प्रयोगापुरती आहे, दोष निघून गेले की ग्राहक मास्क-रॉमकडे वळतील, अशी सुरुवातीची अपेक्षा होती. परंतु थोड्या संख्येने यंत्रे बनविणाऱ्यांना साचा परवडत नव्हता, आणि अंतिम आज्ञावली म्हणून जी काही असते तिच्यावरील विश्वासही उडत चालला होता. म्हणून खिडकीची चिपच तयार यंत्रात बसवून विकली जाऊ लागली. पुढे कित्येक वर्षे ईप्रॉम ही इंटेलच्या नफ्याची मोठी बाजू राहिली. मायक्रोप्रोसेसरइतकेच ईप्रॉमचेही या उद्योगाच्या घडणीत महत्त्व आहे, असा अभिप्राय कंपनीचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी दिलेला आहे, तो यथार्थ म्हटला पाहिजे.

६

येथवर जे सांगितले ते साधनाचे यश. आता त्याच साधनाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहू.

जुना लेख ठोकून सपाट करून त्यावर नवा लेख कोरलेले ताम्रपट आपल्या परिचयाचे आहेत. तिरप्या प्रकाशात धरले असता पूर्वीच्या अक्षरांच्या खुणा त्यांवर दिसतात, आणि कधीकधी त्या खुणाच नव्या लेखापेक्षा मोलाच्या ठरतात. ईप्रॉम अशी दया दाखवीत नाही. विधिपूर्वक पुसलेल्या चिपमध्ये पूर्वी काय होते, हे तिच्या वाचनातून कळत नाही. एका यंत्राच्या आज्ञावलीच्या दहा आवृत्त्या एकाच चिपवर झाल्या असतील, तर फक्त दहावी उरते. चुका आणि दुरुस्त्या यांची जी परंपरा विचाराचा खरा इतिहास सांगते, तीच पुसली जाते.

आणि जी अखेरची आवृत्ती उरते, तीही स्थिर नाही. द्वारात कोंडलेला भार अत्यंत मंद गतीने झिरपत असतो. उष्णतेने ही गती वाढते. खिडकी उघडी राहिली तर संकट अधिक जवळ येते : प्रत्यक्ष सूर्यप्रकाशात २७१६ सुमारे एका आठवड्यात, आणि खोलीतील नळीदिव्यांच्या सततच्या प्रकाशात सुमारे तीन वर्षांत पुसली जाऊ शकते, अशी सूचना निर्मात्यानेच दिलेली आहे. म्हणून खिडकीवर अपारदर्शक चिठ्ठी लावीत. त्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेला आवृत्तीचा क्रमांक व दिनांक हा पुष्कळदा त्या आज्ञावलीचा एकमेव ‘कालोल्लेख’ असतो. चिठ्ठी सुटून पडली म्हणजे दिनांक जातो आणि मागोमाग मजकूरही जाऊ लागतो. मूळ संहितेचे कागद व फ्लॉप्या अनेक ठिकाणी आधीच नष्ट झालेल्या असल्याने, अशा वेळी चिप हाच एकमेव साक्षीदार उरलेला असतो.

साक्षीदार वृद्ध असला तरी त्याची जबानी घेण्याची पद्धत आहे. चिप एकदाच वाचून भागत नाही. अनेकदा वाचून प्रती ताडून पाहाव्यात. एखादा बिट कधी शून्य, कधी एक सांगत असेल, तर तेथील भार क्षीण झाला असे समजावे. २७१६ व तिच्या जातीच्या चिपांत भार झिरपलेला शून्याचा बिट हळूहळू एक दिसू लागतो; पुरवठ्याचा दाब पाच व्होल्टांहून किंचित कमी करून वाचल्यास असा बिट पुष्कळदा आपले मूळ मूल्य सांगतो. आज्ञावलीत अंतर्भूत ताळ्याचा आकडा असेल तर त्याने खातरजमा होते. एकाच यंत्राच्या दोन चिपा मिळाल्या तर पाठभेद नोंदवावेत, आणि फरक लेखनिकाचा की कालाचा, हे ठरवावे : सगळे फरक शून्याचे एक होण्याच्या दिशेने असतील, तर तो झिरपलेल्या भाराचा दोष, दोन्ही दिशांनी असतील, तर ती निराळी आवृत्ती. ही पद्धत पाठचिकित्सेहून तत्त्वतः वेगळी नाही. परकीय संग्रहालयांनी या दिशेने काम आरंभिले आहे. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयाने २०१४ मध्ये सीपी/एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता अभ्यासकांस खुली केली, हे त्याचे एक उदाहरण.

७

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ८०८५ चे शिक्षणसंच हाताळले आहेत. त्या संचांचे कीबोर्ड व अंकदर्शक चालविणारी ‘मॉनिटर’ आज्ञावली ईप्रॉममध्येच असे. ईप्रॉम-लेखक यंत्र आणि अतिनील दिव्याची पेटी हीही प्रयोगशाळांतील परिचित वस्तू होती. विद्यार्थ्यांनी प्रकल्पांसाठी आणि लहान कारखानदारांनी आपल्या यंत्रांसाठी ज्या आज्ञावली लिहिल्या, त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथसूचीत नाही.

तंत्र पुढे गेले. विजेनेच पुसली जाणारी ईईप्रॉम १९८० च्या सुमारास आली; १९८४ मध्ये तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची कल्पना जाहीर केली; आणि क्वार्ट्झची खिडकी अनावश्यक झाली. तरंगत्या द्वाराचे तत्त्व त्यांतही चालू राहिले. परंतु खिडकीची चिप जडसंग्रहाच्या नोंदवहीत ‘निर्लेखित’ या शेऱ्याखाली जमा होऊ लागली. शासकीय मराठीतील हा शब्द येथे दुर्दैवाने दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.

म्हणून एक व्यावहारिक सूचना करून हा निबंध पुरा करतो. जुने संच मोडीत काढण्यापूर्वी त्यांतील चिपा काढून, खिडकीवरील चिठ्ठीसह त्यांचे छायाचित्र घ्यावे. चिठ्ठी सैल झाली असल्यास खिडकी दुसऱ्या अपारदर्शक पट्टीने झाकावी. चिप किमान तीन वेळा वाचून तिची प्रत ताळ्यासह जपावी. आणि ती कोणत्या यंत्रातून, कोणाच्या हातून, कोणत्या वर्षी आली हे शेजारी लिहावे. एका चिपसाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाही. ज्यांनी ती लिहिली ते पुष्कळजण आज हयात आहेत, आणि आपल्या हातच्या आवृत्त्यांचा क्रम ते सांगू शकतात. चिपमधील भार आणि त्यांची आठवण ही दोन्ही झिरपत आहेत, आणि त्यांतील दुसरीची प्रत कोणत्याही यंत्राने काढता येत नाही.